श्वानाची इयत्ता

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण महाराष्ट्रात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने कुत्रे पाळले असेल. शिकविले मात्र खास नसेल. शेपूट सरळ करणे याला शिक्षण म्हणत नाहीत. उलट याच महाराष्ट्रातील पाठशाळांतून, विद्यार्थ्याची झोप श्वानासारखी सावध असावी, असा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. विद्यार्थ्यापुढे कुत्र्याचा कित्ता ठेवावयाचा आणि खुद्द कुत्र्यास मात्र शिकण्यास अपात्र ठरवावयाचे, असा हा चमत्कारिक न्याय होय.

वास्तविक कुत्रे शिकते की नाही हा वादाचा विषयच नाही. कोणत्या कुत्र्याने, कोणत्या वयात, किती व काय शिकावे, हा खरा प्रश्न आहे. मूल शाळेत घालताना पालक त्याची इयत्ता पाहतात. चौथीच्या मुलास मॅट्रिकच्या वर्गात बसवीत नाहीत, व मॅट्रिकच्या मुलास बाराखडी गिरवावयास लावीत नाहीत. पिल्लू घरी आणणारी सुशिक्षित मंडळी मात्र इयत्तेचा विचार क्वचितच करतात. कोणी त्यास दोन महिन्यांचे असताना साखळीस बांधून टाकतात, तर कोणी पोलिसी कुत्र्याचा सगळा अभ्यासक्रम त्याच्या गळ्यात बांधू पाहतात. यातून जी कुत्री निपजतात त्यांपैकी काही घरच्याच मुलांना चावतात आणि काही एके रात्री गावाबाहेर नेऊन सोडली जातात. ज्या लोकांचे पोट कुत्र्याच्या शहाणपणावर अवलंबून होते त्यांनी ही इयत्ता कशी ठरविली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यासाठी दूर जावयास नको. हदगावचा मुलूख पुरे आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर अंगास हदगाव तालुका पसरला आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. या भागात हटकर धनगरांची वस्ती जुनी आहे. १८१९ च्या जानेवारीत नोवसाजी नाईक या हटकर पुढाऱ्याने याच मुलखातील नोव्ह्याच्या किल्ल्यातून, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेशी जी निकराची झुंज दिली, ती इतिहासात नमूद आहे. तलवार बाजूस ठेवली की हटकराच्या हाती काठी येई. काठीपुढे मेंढरे, मेंढरांच्या मागावर लांडगा, आणि लांडगा व मेंढरे यांच्या मध्ये कुत्रा, अशी ती जुनी मांडणी होती.

या धनगरी कुत्र्यास कोणी 'बैस' म्हणून बसविलेले नसते, की 'ऊठ' म्हणून उठविलेले नसते. त्याची शाळा म्हणजे मेंढवाडा. डोळे उघडतात तेच मुळी मेंढरांच्या वासात. वाघुरीच्या जाळीला लागून ते निजते, कोकरांच्या अंगावर लोळते, आणि दांडगाई केली तर मेंढीच्या डोक्याचा ठोसा खाते. थोडे मोठे झाले की जुन्या कुत्र्यांच्या मागोमाग चालू लागते. ती भुंकली की हे भुंकते, ती थांबली की हेही थांबते. धन्याची काठी एखाद्या वेळी उगारली जाते, पण मारण्यापेक्षा दाखविण्यासाठीच अधिक. या शिक्षणात करावयाच्या गोष्टी थोड्या असून न करण्याच्या गोष्टी फार आहेत: मेंढरामागे धावावयाचे नाही, कोकरास तोंड लावावयाचे नाही, कळप सोडावयाचा नाही. लांडग्यावर धावून जाणे हा धडा कोणी देत नाही; मेंढरे आपली वाटू लागली की तो आपोआप येतो.

हदगावच्या धनगराची ही रीत जगावेगळी नाही. चार्लस डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेच्या कुरणांतून प्रवास करीत असता, वस्तीपासून काही मैलांवर मोठाले कळप एकटी कुत्री राखीत असलेली त्याने पाहिली. चौकशी करता असे कळले की, पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून वेगळे करतात, दिवसातून तीनचार वेळा मेंढीस पाजतात, मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून देतात, व इतर कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत मिसळू देत नाहीत. असे कुत्रे पुढे मेंढरांना आपली जात समजू लागते. डार्विनने सांगितलेली एक गंमत तर कोणाही गृहस्थास पटेल. हे राखणदार कुत्रे मांसाचा तुकडा नेण्यास रोज घराकडे येई, तेव्हा घरची कुत्री त्याच्या पाठी लागत व ते बिचारे शेपूट घालून पळे. परंतु कळपापाशी पोहोचताच ते गर्रकन वळून भुंकू लागे, आणि तीच घरची कुत्री माघारी पळत. कुत्रे तेच होते. बदलली ती त्याच्या पाठीशी असलेली मेंढरे.

धनगरांना जे अनुभवाने ठाऊक होते, त्याची शास्त्रीय परीक्षा विसाव्या शतकात झाली. अमेरिकेत मेन प्रांतातील बार हार्बर येथे स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. त्याच ठिकाणी झालेल्या व १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले मोठ्या आवारात माणसांपासून दूर वाढविली, आणि निरनिराळ्या वयात त्यांपैकी काहींना एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणले. जी पिल्ले चौदा आठवडे पुरी होईपर्यंत माणसाच्या हाती आलीच नाहीत, ती पुढे रानातल्या जनावराप्रमाणे बुजरी राहिली. यावरून पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की, त्यात ज्याची ओळख होईल ते त्यास जन्माचे आपले वाटते, व ज्याची होणार नाही ते परके, हे निश्चित झाले. श्वानाची पहिली इयत्ता ती हीच. तीत धडे नाहीत, परीक्षा नाही. परंतु नावनोंदणीची मुदत मात्र अशी कडक आहे की कोणत्याही शाळेची नसेल.

गावकुत्र्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याचा धनी म्हणजे सगळी आळी, आणि गुरू म्हणजे दारोदार मिळणारा भाकरीचा तुकडा व पाठीत बसणारा दगड. ओळखीच्या पावलाला शेपूट व अनोळखी पावलाला आवाज, एवढ्या विद्येवर त्याचा जन्म जातो, आणि गावाचेही काम भागते. त्याहून अधिक त्यास शिकवावे असे कोणासही कधी वाटले नाही, यात गावकऱ्यांचे शहाणपणच दिसते.

आता तिसरा कुत्रा. नांदेड-लातूरकडे कारवानी व पश्मी या जातींचे शिकारी कुत्रे पाळण्याची आवड जुनी आहे. लांबोडे तोंड, खोल छाती, बारीक कंबर व उंच पाय असा कारवानी. तशाच अंगलटीचा, परंतु कानांवर व शेपटीवर लांब केस असलेला तो पश्मी. काफिल्यांबरोबर वायव्येकडून आले म्हणून कारवानी, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. कृष्णेच्या खोऱ्यात मुधोळच्या घोरपडे घराण्याने याच वंशाची निगा राखली. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली होती, आणि पुढे मुधोळ हेच नाव जगभर झाले.

शिकारी कुत्र्यास राजाश्रय मिळाला तो मात्र फार पूर्वीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुरणांच्या बंदोबस्तासाठी कुत्री बाळगणाऱ्या शिकाऱ्यांनी रानातून फिरावे, व चोर वा शत्रू दिसल्यास शंख-दुंदुभी वाजवून इशारा द्यावा, असे सांगितले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा जो विश्वकोशवजा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाच्या विनोदांत हत्ती, घोडे, कोंबडे व ससाणे यांच्या जोडीने कुत्र्यांसही स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. हे कल्याणी म्हणजे बिदरकडचे बसवकल्याण. आज कर्नाटकात असले तरी लातूरहून ते फार दूर नाही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचे संपादन केले व पहिला भाग १९२५ साली बाहेर आला. ज्यांना कुत्रे पाळणे हे साहेबी खूळ वाटते, त्यांनी हा ग्रंथ एकदा चाळावा.

कारवानी कुत्रा वासावर चालत नाही, नजरेवर चालतो. ससा उठला की धाव घेणे हे त्यास शिकवावे लागत नाही. ते रक्तातच असते. शिकवावे लागते ते सुटण्यापूर्वी थांबणे आणि धाव संपल्यावर परत येणे. यापेक्षाही अवघड गोष्ट शिकवणाऱ्याने स्वतः शिकावयाची असते, ती म्हणजे कुत्र्यास लवकर न सोडणे. या मुद्द्यावर दोन ग्रीक ग्रंथकारांचा मतभेद मोठा बोधप्रद आहे. झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात शिकारीवर लिहिताना सांगितले की कुत्री आठव्या महिन्यात व कुत्रा दहाव्या महिन्यात शिकारीस न्यावा. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी एरियन याने, ज्याने शिकंदराच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिला त्यानेच, त्याच विषयावर नवे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, झेनोफनला केल्ट लोकांच्या वेगवान, नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांची माहितीच नव्हती, म्हणून ही पुरवणी. एरियनच्या मते असली कुत्री अकराव्या महिन्यात मोकळ्या रानात सशावर सोडून पाहावी. नर मात्र दोन वर्षे पुरी होईपर्यंत सोडूच नये, कारण त्याची हाडे व सांधे फार उशिरा पक्के होतात. घाईने धावविलेले तरुण कुत्रे उमेदीपायी शक्तीबाहेर धावते व कायमचे निकामी होते, हे त्याने बजावून सांगितले आहे.

दोघेही अनुभवी, दोघेही खरे. वय वेगळे निघाले ते कुत्रे वेगळे म्हणून. झेनोफनची कुत्री हुंगत माग काढणारी, एरियनची वाऱ्यासारखी धावणारी. हे पुस्तक मराठवाड्यातील कोणा कारवानीवाल्याने वाचले असण्याचा संभव नाही. तरी त्या कुत्र्याचे अंग एरियनच्या कुत्र्यासारखेच घडलेले असल्यामुळे त्याचा सल्ला येथेही जसाच्या तसा लागू पडतो. एरियन आणखी असे लिहितो की, आपली होर्मे नावाची कुत्री आपल्यापासून क्षणभर दूर राहत नाही. साम्राज्याच्या सरहद्दीवरील प्रांताचा कारभार पाहणाऱ्या या माणसाने कुत्र्यास माणसाजवळ निजू द्यावे असेही सुचविले आहे. धावण्याचे शिक्षण दोन वर्षे लांबणीवर टाकणारा हा गुरू जवळिकीचे शिक्षण मात्र एक दिवसही लांबवीत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जाता जाता चित्त्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. कोल्हापूरच्या दरबारी चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालू होती. चित्त्याचा बच्चा घरी वाढवून त्यास शिकार शिकविता येत नाही, तो धडा त्याची आईच देऊ जाणे. म्हणून शिकारखान्यातील माणसे रानात वाढलेला चित्ताच धरून आणीत, व त्यास केवळ माणसाळविण्याचे काम करीत. कुत्र्याचे याच्या नेमके उलट. त्याच्या बाबतीत माणसाळविणे बालपणीच उरकावयाचे, आणि काम मागाहून.

शिकारी कुत्र्याचे हे सारे जीवन १९७२ साली एका कायद्याने पालटले. वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची जी व्याख्या केली तीत जनावराचा पाठलाग करविणेही येते. तेव्हापासून सशामागे कारवानी सोडणे हा गुन्हा झाला. कायदा योग्यच होता; काळवीट व माळढोक यांची झालेली दैना पाहता त्यास उशीरच झाला म्हणावयाचे. परंतु त्यामुळे एका विद्वान जातीची विद्याच बेकार झाली. कुत्रा राहिला, त्याचे पाय राहिले, त्याची नजर राहिली. शाळा तेवढी बंद पडली.

आज ही कुत्री एकत्र पाहावयाची तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस जावे. घोडे, गाढवे व लालकंधारी बैल यांसाठी ही यात्रा प्रसिद्ध आहे. जिल्हा परिषदेतर्फे तेथे पशू, अश्व व कुक्कुट यांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते. देवही त्यास साजेसाच आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर त्याचा कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाची कुत्री म्हणवितात. धनगर, शिकारी व घोडेवाले यांच्या या दैवताचा अभ्यास करण्यात गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने आपल्या आयुष्याची अनेक वर्षे वेचली. प्रदर्शनात मात्र जे पाहावयाचे ते रूप: छाती, पाय, चाल व कांती. कुत्रे काय शिकले आहे, हे अशा ठिकाणी दिसूनही येत नाही.

हेच रूप पाहून मोहित झालेले गृहस्थ पिल्लू घेऊन शहरात येतात व शिक्षणाचा विचार सुरू होतो. डोळ्यांपुढे असतो तो पोलिसांचा कुत्रा. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली श्वानशिक्षणावर पुस्तक लिहून या विद्येस पद्धतशीर रूप दिले. कुत्र्यास नीतीचे ज्ञान नसते, कृतीच्या पाठोपाठ जे घडते त्यावरून ते शिकते, हा त्यातील सिद्धांत आजही टिकून आहे, जरी त्याच्या हातातील जबरदस्तीची साधने आता पुष्कळशी मागे पडली असली तरी. महाराष्ट्रात अशा शिक्षणाचे नाव झाले ते 'जंजीर' या लॅब्रॅडोर कुत्र्यामुळे. पुण्यास शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार होऊन तो १९९२ च्या डिसेंबरअखेर मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला, आणि अडीच महिन्यांतच, १९९३ च्या मार्चमध्ये, मुंबईत स्फोटमालिका झाली. त्याच्या नाकाने शोधून काढलेल्या साठ्यात ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० स्फोटके पेटविण्याच्या नळ्या, २४९ हातबॉम्ब व ६४०६ काडतुसे यांची नोंद आहे. २००० च्या नोव्हेंबरात तो कर्करोगाने मरण पावला, तेव्हा त्यास पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला.

जंजीरची विद्या अतिशय खोल होती, परंतु ती एकाच विषयाची होती. नाकाचे काम म्हणून नाकाची जात निवडली गेली, आणि दिवसरात्र त्याच्याबरोबर राहणारा शिक्षक नेमला गेला. लष्कराच्या मेरठ येथील केंद्राने २०१६ साली मुधोळ कुत्री प्रथमच शिक्षणासाठी घेतली, तीही पिल्ले असताना व पगारी, पूर्णवेळ शिक्षकांच्या हाती. घरच्या कुत्र्यास यांपैकी काहीच लाभत नाही. मालक सकाळी कचेरीस जाणार, मुले शाळेस. कुत्र्यास शोधावयास बॉम्ब नाही, राखावयास मेंढरे नाहीत. अशा कुत्र्यास अनोळखी माणसावर धावून जाण्याचे शिक्षण देणे म्हणजे भरलेली बंदूक खुंटीस टांगून ठेवणे होय.

घरच्या कुत्र्याची इयत्ता धनगराच्या कुत्र्याची आहे. मेंढवाड्याच्या जागी घर आले, एवढाच फरक. न करण्याच्या गोष्टी येथेही अधिक. दारावरच्या माणसावर उडी घ्यावयाची नाही, ताटात तोंड घालावयाचे नाही, पट्टा ओढावयाचा नाही, एकटे ठेवले तर घर डोक्यावर घ्यावयाचे नाही. करावयाच्या दोनच: हाकेस येणे आणि सांगितले असता थांबणे. कारवानी असेल तर यांतील हाकेस येणे हे सर्वांत कठीण जाते, कारण धावती शेळी दिसली की त्याचे कान बंद होतात. त्यास उघड्या माळावर पट्ट्याविना सोडण्याचा मोह वर्ष दीड वर्ष तरी आवरावा लागतो. नाक, पहारा, शर्यत या वरच्या इयत्ता त्या त्या कामासाठी व त्या त्या कुत्र्यासाठीच राखून ठेवाव्या.

पहिल्या इयत्तेची मुदत मात्र घरच्या पिल्लालाही चुकत नाही. येथे एक अडचण उभी राहते. रोगाच्या भयाने पुष्कळ लोक पिल्लास तीनचार महिन्यांपर्यंत घराबाहेर काढीतच नाहीत, आणि भय खोटे नाही. रस्त्यावरच्या धुळीतून येणारा पार्व्हो रोग पिल्लास दोन दिवसांत नेतो. परंतु तेच महिने ओळखीचे असतात. पशुवर्तनाच्या अभ्यासकांच्या अमेरिकेतील संस्थेने २००८ साली यावर मध्यम मार्ग सांगितला: लसीची पहिली मात्रा व जंतांचे औषध देऊन किमान सात दिवस लोटले की सातव्या-आठव्या आठवड्यापासून स्वच्छ जागी पिल्लांचा वर्ग सुरू करावा. असा वर्ग जवळपास नसेल तर पिल्लू कडेवर घेऊन बाजार, मोटारी, छत्रीवाला, म्हातारा, शाळेत जाणारी मुले ही सर्व दाखवून आणावी. खाली ठेवू नये एवढे पथ्य पाळावे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास ठरल्याप्रमाणे टोचून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

भारत सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नियम हितकर आहे, कारण चावण्याचा आवर पिल्लू आई-भावंडांतच शिकते. परंतु याचा अर्थ असाही होतो की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या या इयत्तेचा निम्म्याहून अधिक भाग विकणाऱ्याच्या अंगणातच होऊन जातो, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती उरतात ते जेमतेम चार आठवडे. माळेगावास वा अन्यत्र पिल्लू पसंत करणाऱ्याने म्हणूनच त्याच्या बापाची धाव व आईची छाती विचारण्यापूर्वी, ते आजवर कोठे बांधले होते, कोणाच्या हातून जेवत होते, आणि घरात लहान मुले होती की नव्हती, हे विचारावे, व शक्य तर एकदा त्या अंगणात जाऊन ते माणूस पाहून पुढे येते की कोपऱ्यात दडते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.